फळीवर फळी

हे पुस्तक एका बोटीच्या बांधणीचं आहे. ती बांधणाऱ्यांत एक निवृत्त नर्स होती, एक पोस्टमन होता, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई होत्या, बँकेतली नोकरी नुकतीच संपवलेले एक गृहस्थ होते, सोळा वर्षांचा एक मुलगा आणि त्याची आजी होती. सुतार एकही नव्हता. मीही नव्हते. माझे आजोबा सुतार होते, पण त्यांच्याबद्दल पुढे.

बोटीचं नाव सेंट आयल्स स्किफ. लांबी 22 फूट, रुंदी साधारण पावणेसहा फूट, दोन्ही टोकं निमुळती. चौघं वल्हवतात आणि प्रत्येकाच्या हाती एकच वल्हं असतं, दोघांचं डावीकडे, दोघांचं उजवीकडे. वल्हवणाऱ्यांची पाठ जायच्या दिशेला असते, म्हणून पाचवा माणूस सुकाणू धरून पुढे बघतो. शांत नदीवरच्या शर्यतीत दिसणाऱ्या चिंचोळ्या, पात्यासारख्या बोटींशी हिचं नातं नाही. ही समुद्राची बोट आहे, लाट आली की नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून वर चढणारी. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची गावं गेली पंधरा वर्षं ती आपापल्या शेडमध्ये, शाळेच्या हॉलमध्ये, रिकाम्या गोदामात बांधत आली आहेत. आज अशा बोटी दोनशेहून जास्त आहेत, आणि स्कॉटलंडच्या बाहेरही गेल्या आहेत.

सुरुवात झाली अँस्ट्रुदरला. स्कॉटलंडमधल्या फाइफच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे एके काळचं हेरिंगच्या मासेमारीचं मोठं बंदर. तिथे 1969 पासून स्कॉटिश फिशरीज म्युझियम आहे. संग्रहालयाच्या जागी पूर्वी सेंट आयल्सचं छोटं प्रार्थनाघर होतं, त्यावरून बोटीचं नाव पडलं. या संग्रहालयाला जुन्या बोटी जपण्याचा अनुभव भरपूर होता. पण दोरीपलीकडे ठेवलेली बोट कितीही वेळा बघितली तरी बघणाऱ्याच्या हाताला काही येत नाही. फाइफच्या किनाऱ्यावर कोळशाच्या खाणींची गावं पूर्वी एकमेकांशी वल्ह्यांच्या शर्यती लावत. 1950 च्या दशकात त्या बंद पडल्या. मासेमारी आटली, खाणी गेल्या, आणि माणसं समुद्राकडे बघत राहिली, समुद्रात जाईनाशी झाली. त्या शर्यती पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून संग्रहालयाने इयन ऑट्रेड यांच्याकडून नव्या बोटीचा आराखडा करून घेतला. अ‍ॅलेक जॉर्डन यांनी त्या आराखड्यावरून प्लायवूडचे भाग यंत्रावर कापून द्यायची तयारी केली आणि पहिली बोट स्वतः बांधली. ती 2009 साली पाण्यात उतरली. पुढच्याच वर्षी गावांच्या शर्यती सुरू झाल्या आणि गावांची संघटनाही उभी राहिली.

यातला एक निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. संग्रहालयाने बोट बांधून गावांना वाटली नाही. आराखडा दिला, कापलेले भाग मिळायची सोय केली, आणि बांधायचं काम गावांवर सोडलं. बोटीचा आकार सगळ्यांचा एकच, त्यात कुणी फेरफार करायचा नाही. वल्ह्यांचा घाट मात्र ज्याने त्याने ठरवायचा, रंग आणि नाव आपलं आपण निवडायचं. त्यामुळे पैसेवाल्या गावाची बोट आणि दहा घरांच्या वाडीची बोट पाण्यात सारखीच असते. वल्ह्यांवरून मात्र हिवाळाभर वाद चालतात. पातं किती रुंद, दांडा किती लवचिक, वजन कुठे असावं यावर चहाच्या कपाभोवती झालेल्या चर्चा मी ऐकल्या आहेत, आणि त्या चर्चांतूनच बँकेतले गृहस्थ लाकडाची जात ओळखायला शिकले.

ऑट्रेड यांचा जन्म ऑस्ट्रेलियातला. तारुण्यात ते ब्रिटनला आले आणि पुढे स्काय बेटावर स्थायिक झाले. 2024 साली ते गेले. घरी बोट बांधू पाहणाऱ्या माणसासाठी आराखडे काढण्यात त्यांनी आयुष्य घालवलं, आणि प्लायवूडच्या क्लिंकर बोटी कशा बांधाव्यात यावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक आमच्या शेडमध्ये इतकं हाताळलं गेलं की त्याची पानं एपॉक्सीने एकमेकांना चिकटली होती. सेंट आयल्सचा आकार त्यांनी हवेतून काढला नाही. तिच्यामागे फेअर आइलची योल नावाची होडी आहे. फेअर आइल हे ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या मधलं एकटं बेट. शेटलंडच्या बाजूला झाडं जवळजवळ नाहीतच. मग होडीला लाकूड कुठून आलं? नॉर्वेतून, आणि नुसतं लाकूड नव्हे. पश्चिम नॉर्वेतले कारागीर होडी बांधत, ती पुन्हा उकलत, फळ्या जहाजात भरून धाडत, आणि शेटलंडचे लोक त्या आपल्या किनाऱ्यावर परत जोडत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. कापलेल्या भागांतून जोडलेली बोट ही खरी बोट नव्हे, असं कुणी म्हणालं की मी त्यांना या फळ्यांच्या मोळ्यांची हकीकत सांगते.

आता क्लिंकर या शब्दाबद्दल, कारण तो पुस्तकभर येणार आहे. क्लिंकर म्हणजे फळीवर फळी. कौलं जशी एकावर एक चढवतो, तशी वरची फळी खालच्या फळीच्या काठावर बोटभर चढते. आपल्या कोकणात फळ्या काठाला काठ भिडवून बसवतात, सांध्यात कापूस दाबतात आणि राळेने बुजवतात. एकमेकींवर चढवलेल्या फळ्या भारतात बघायच्या तर ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर जावं लागतं. तिथल्या पाटिया नावाच्या होड्यांत त्या असतात, पण चढण उलटी, खालची फळी वरच्या फळीच्या बाहेरून. उत्तर युरोपात ही पद्धत हजार वर्षांहून जुनी आहे, आणि नॉर्डिक देशांतल्या क्लिंकर परंपरेची नोंद युनेस्कोने 2021 साली अमूर्त वारशाच्या यादीत केली.

जुन्या पद्धतीत ही चढण तांब्याच्या खिळ्यांनी आवळतात आणि आतून वाफेवर वाकवलेल्या फासळ्या बसवतात. अशी बोट पाण्यात राहिली की लाकूड फुगून सांधे मिटतात, आणि उन्हात ठेवली की फटी पडतात. ऑट्रेड यांच्या पद्धतीत प्लायवूडच्या फळ्या एपॉक्सीने चिकटवतात. जिथे फळीवर फळी चढते तिथे जाडी दुप्पट होते, आणि ती दुप्पट पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटीला ताठ धरते, म्हणून फासळ्यांची दाटी लागत नाही. प्लायवूड फारसं फुगत नाही की आकसत नाही, म्हणून बोट महिनाभर शेडमध्ये ठेवून एका सकाळी थेट समुद्रात घालता येते.

वर्षानुवर्षं उमेदवारी करून शिकलेल्या कारागिरांपैकी काहींना हे आवडत नाही. त्यांची तक्रार मी हलक्यात घेत नाही. हातातलं कसब जाताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पेटीतून आलेली बोट बोचणारच. तरीही माझा कौल प्लायवूडला आहे. ज्या गावात आता बोट बांधणारा उरलेला नाही आणि चांगलं सरळ लाकूड परवडत नाही, त्या गावाला दुसरी कुठली वाट होती? शिवाय यंत्र फळी कापून देतं, पण तिचा तिरका काठ देत नाही. वरची फळी नीट बसायची तर खालच्या फळीचा काठ तासावा लागतो, आणि तो तास लांबीभर बदलत जातो. मध्यावर एक कोन, टोकांकडे वेगळा. नाळेपाशी तर दोन्ही फळ्या एकमेकींत उतरून एका पातळीत याव्या लागतात. हे कुठल्याच यंत्राने कापून आलेलं नसतं. काठावर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढायच्या, त्या पुसल्या जाईपर्यंत रंधा मारायचा, पट्टी आडवी ठेवून खाली उजेड दिसतो का ते बघायचं, पुन्हा रेघा ओढायच्या. एका फळीला दोन संध्याकाळी लागतात.

माझे आजोबा खाडीकाठी होड्यांची कामं करत. नवी होडी क्वचित, डागडुजी जास्त. त्यांचा रंधा, पटाश्या, गुण्या सगळं पडवीतल्या एका पेटीत असे. त्या पेटीला आम्ही मुली हात लावत नसू. तसं कुणी ओरडून सांगितलेलं नव्हतं, पण हत्यार मुलाच्या हाती जायचं हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. माझे वडील नोकरीसाठी मुंबईला गेले आणि ती पेटी कुणाच्याच हाती गेली नाही. लाकडावर पहिला रंधा मी मारला तो पन्नाशी उलटल्यावर, उत्तर समुद्राच्या काठी, पत्र्याच्या शेडमध्ये. भूगोलाच्या बाईंनी माझी कोपरं धरून सांगितलं, की जोर हातांचा नको, पायांचा लाव. आजोबा काम करताना एक पाय मागे टेकून का उभे राहत ते मला त्या संध्याकाळी कळलं.

म्हणून या पुस्तकात मला एक गोष्ट उघडपणे मांडायची आहे. आपल्याकडे हत्यार जन्मावर मिळत आलं. सुताराच्या घरातल्या मुलाला ते मिळालं, इतरांना नाही, आणि त्याच घरातल्या मुलीलाही नाही. त्यामुळे त्या घरातला मुलगा शहरात गेला की कसब तिथेच थांबलं. फाइफमधल्या आमच्या शेडमध्ये जन्माने आलेलं कुणीच नव्हतं. दार उघडं होतं, आत आलेल्याला काम मिळत होतं, आणि कामातून कसब येत होतं.

फळी चिकटवायची रात्र वेगळी असते. तिच्यासाठी मी एक अख्खं प्रकरण दिलं आहे. एपॉक्सी म्हणजे दोन द्रव. ते मोजून एकत्र कालवले की वेळ मोजायला लागायचं. खोल डब्यात ठेवलं तर मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून डब्यातच घट्ट होतं. पसरट ताटात ओतलं तर थोडी सवड देतं. थंडीत उलटं, ते लवकर धरतच नाही. स्कॉटलंडच्या जानेवारीत बिनउबेच्या शेडमध्ये काम म्हणजे बोटीवर प्लास्टिक आणि जुन्या गोधड्यांचा तंबू करायचा आणि आत हिटर लावून पहाटेपर्यंत आळीपाळीने बघून यायचं. हातमोजे सगळ्यांनी घालायचे, कारण हे रसायन कातडीला एकदा बाधलं की पुढे कायम बाधू शकतं. दोघं कालवणार, दोघं लेप देणार, बाकीचे फळी उचलून धरणार. एकजण मधल्या खुणेवर उभा राहून खूण खुणेला लागली की नाही ते सांगणार. मग मध्यापासून दोन्ही टोकांकडे शिकंजे आवळत जायचं. इतके शिकंजे विकत कोण घेणार? प्लायवूडच्या उरलेल्या तुकड्यांना खाच पाडून आम्ही ते केले आणि पाचरी ठोकून आवळले. एवढ्या लांब फळीला सहा-सात जण हवेतच. पाच असतील तर त्या रात्री ते काम काढायचं नाही.

तिसऱ्या फळीच्या रात्री घट्ट करणाऱ्या द्रवाचं माप चुकलं. दुसऱ्या दिवशी शिकंजे काढले तर सांधा मऊच. फळी सोडवावी लागली, दोन्ही काठ खरवडून स्वच्छ करावे लागले, दोन संध्याकाळी गेल्या. माप मी घेतलं होतं. ते सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या फळीला नर्सबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, वॉर्डात औषधाचं माप दोघीजणी मोठ्याने वाचतात, आपणही तसंच करू. बोट पुरी होईपर्यंत प्रत्येक माप आम्ही दोघींनी मोठ्याने वाचलं.

शेवटची फळी लागेपर्यंत बोट साच्यांवर पालथी असते. घराच्या छपरासारखी दिसते, आणि महिनोन्‌महिने आपण एका छपरावर काम करतो आहोत असंच वाटत राहतं. मग एक दिवस ती उलथायची. त्या दिवशी शेडमध्ये कधी पाऊल न टाकलेले शेजारीपाजारीही येतात. दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतात, एकजण मोजतो, बोट कुशीवर येते, क्षणभर तशीच राहते आणि मग हातांवरून खाली उतरते. पोस्टमन त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. तो नाळेपाशी उभा राहून आतल्या फळ्यांवरून हात फिरवत होता. त्याचा बाप गावच्याच बंदरातून मासेमारीला जात असे.

पुढचं काम, म्हणजे वरचे काठ, बसायच्या आडव्या फळ्या, वल्ह्यांच्या खुंट्या, रंग, यावर मी फार रेंगाळले नाही. त्यात चुका सुधारता येतात. शर्यतींवरही थोडकंच लिहिलं आहे. या बोटींचा जागतिक मेळावा दर तीन वर्षांच्या ठरावाने पहिल्यांदा 2013 मध्ये उल्लापूलला भरला, मग 2016 मध्ये उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्ड लॉकवर, 2019 मध्ये स्ट्रॅनरारला, 2022 मध्ये नेदरलँड्समध्ये, आणि 2025 मध्ये पुन्हा स्ट्रॅनरारला. तिथे सत्तरीतल्या बायका चुरशीने वल्हवतात आणि किनाऱ्यावर त्यांची नातवंडं ओरडून घसा बसवून घेतात. मला त्याचा आनंद आहेच. पण दुसऱ्यांनी बांधलेली जुनी बोट विकत घेऊन शर्यतीत उतरलेला क्लब आणि स्वतः बोट बांधलेला क्लब, असे दोन्ही मी पाहिले आहेत. खडकाला घासून बोटीला ओरखडा पडला, की पहिला दुरुस्तीला माणूस शोधतो आणि दुसरा त्याच संध्याकाळी शेडची किल्ली शोधतो.

शब्दांबद्दल थोडं सांगायला हवं. मराठीत बोटबांधणीचे शब्द आहेत, पण ते पुस्तकांत कमी आणि खाडीकाठी जास्त आहेत. तळाच्या मुख्य लाकडाला मी पठाण म्हटलं आहे, पुढच्या टोकाला नाळ, ओअरला वल्हं. जिथे आपला शब्द मला मिळाला नाही तिथे नवा संस्कृत शब्द घडवण्यापेक्षा क्लिंकर, एपॉक्सी, प्लायवूड हे शब्द तसेच ठेवले. शेडमध्ये तोंडात बसेल तोच शब्द कामाचा. एखाद्या वस्तूसाठी तुमच्या गावात वेगळा शब्द असेल तर पानाच्या कडेला तो लिहून ठेवा, म्हणून या पुस्तकाचा समास मुद्दाम रुंद ठेवला आहे.

ही बोट जशीच्या तशी कोकणात बांधा, असं मी म्हणत नाही. उत्तर समुद्राची लाट वेगळी आणि आपल्या खाडीतली भरती-ओहोटी, रेतीचे दांडे, चिखल वेगळा. आपल्याकडे आपल्या पाण्याला साजेसा आकार शेकडो वर्षं घडत आला आहे. पण तो कागदावर फार थोडा उतरला आहे. तो सुतारांच्या डोळ्यांत आणि हातांत आहे, आणि लाकडी होडी मागणारे कमी होत चालले आहेत. फायबरची होडी हलकी, तिची निगा कमी, आणि रोज समुद्रावर पोट असणाऱ्या माणसाने ती घेतली यात काही गैर नाही. सागवानाचा भाव बघितला तर दुसरं तो करणार तरी काय? मात्र होडीच्या जागी होडी आली तरी आकार नोंदवून ठेवायला कुणाची हरकत नसते. अँस्ट्रुदरचं सगळं काम उभं राहिलं ते एका जुन्या होडीचा आकार माहीत होता म्हणून. फेअर आइलची योल कुणी मोजून, रेखून ठेवली नसती तर ऑट्रेड यांना नव्या बोटीसाठी हात कुठे टेकायचा हा प्रश्न पडला असता.

म्हणून शेवटचं प्रकरण बोट बांधण्याचं नाही, मोजण्याचं आहे. जुनी होडी सपाट जागी, लाकडी ठोकळ्यांवर कशी स्थिर करायची, मधोमध दोरी कशी ताणायची, दर दोन फुटांवर ओळंबा सोडून रुंदी आणि उंची कशी घ्यायची, आकडे कसे लिहायचे आणि त्यावरून कागदावर आकार कसा काढायचा, हे त्यात दिलं आहे. महागडं काही लागत नाही. ओळंबा, गुण्या, मापाची टेप, खडू आणि चार माणसं पुरतात. त्यांतलं एकही सुतार नसलं तरी चालतं.

तुमच्या खाडीवर एखादी लाकडी होडी उरली असेल, तर या पावसाळ्यात, ती किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवलेली असताना, नारळी पौर्णिमेच्या आत मोजून घ्या. ती बांधणारा हयात असेल तर त्याला शेजारी खुर्ची टाकून बसवा, आणि तो जे सांगेल ते आकड्यांच्या बाजूला त्याच्याच शब्दांत लिहा. टेपचं दुसरं टोक घरातल्या मुलीच्या हाती द्या.